हेपॅटायटिस सीची दहा प्रोटीन्स लिव्हरच्या पेशीत काय करतात, आणि गोळ्यांनंतर त्यांचं काय होतं

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका मुलीचा आहे. ठाण्याच्या कॉलेजात ती टी.वाय.बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिच्या बाबांना १९९४ साली अपघातानंतर दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत हेपॅटायटिस सी निघाला. जीनोटाइप ३, म्हणजे या व्हायरसचा तिसरा प्रकार, आणि लिव्हरचा ताठपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवर १०.८ किलोपास्कल. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या बारा आठवडे घेऊन झाल्या, त्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत रक्तात व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, सापडला नाही. ती लिहिते: "सर, दहा प्रोटीन्सची नावं आम्हाला पाठ आहेत, पण ती पेशीत नेमकी वागतात कशी ते कळत नाही. बाबांच्या लिव्हरमध्ये ती जवळजवळ तीस वर्षं होती. आता खरंच गेली, की कुठेतरी दबा धरून बसलीत? मग अँटीबॉडी अजून पॉझिटिव्ह का?"

दबा धरून बसण्याचं आधी घेतो, कारण घरात सगळ्यांच्या मनात तेच असणार. गेली. कुणीही बसलेलं नाही. हे मी धीर द्यायला सांगत नाही. ही प्रोटीन्स पेशीत ज्या पद्धतीने वागतात, त्यातूनच ते निघतं. तुझ्या वाक्यात फक्त एक दुरुस्ती करतो: तीच प्रोटीन्स तीस वर्षं तिथे नव्हती. व्हायरसची प्रोटीन्स पेशी तासांच्या, फार तर दिवसांच्या हिशोबाने मोडीत काढत असते. परवाची आज नसतात. तीस वर्षं टिकलं ते त्यांचं काम. रोज नव्याने प्रोटीन्स बनवायची, रोज नव्याने आरएनएच्या नकला काढायच्या, एकही दिवस खाडा न करता. हेपॅटायटिस बी आपली डीएनएची गुंडाळी पेशीच्या केंद्रकात ठेवून देतो, एचआयव्ही तर आपल्या गुणसूत्रातच स्वतःला शिवून घेतो. सी व्हायरसकडे यातलं काही नाही. तो जन्मभर आरएनए राहतो आणि त्याचा सगळा संसार केंद्रकाच्या बाहेर असतो. काम थांबलं की तो संपला. तुझ्या पुस्तकातली दहा नावं हे लक्षात ठेवून वाच, म्हणजे पाठ करावी लागणार नाहीत.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी लिव्हरचा डॉक्टर, ओपीडी नौपाड्यात आणि आठवड्यातून दोन दिवस वाशीत. प्रॅक्टिस सुरू करण्याआधी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत याच व्हायरसच्या एनएस५ए प्रोटीनवर काम केलं, त्यामुळे त्या प्रोटीनबद्दल खाली जरा जास्त लिहिलं जाईल.

सुरुवात पटकन सांगतो. व्हायरस रक्तातून येतो तो चरबीच्या कणांना चिकटून, लिव्हर स्वतः रक्तात सोडते त्या चरबीच्या कणांसारखाच दिसत. पेशीच्या दाराशी सीडी८१, एसआर-बी१, क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही आपलीच प्रोटीन्स त्याला एकेक करून आत घेतात. आत पाकीट फुटतं आणि सुमारे ९,६०० अक्षरांचा एकेरी आरएनएचा धागा मोकळा होतो. हा धागा म्हणजे थेट वाचता येणारा निरोप आहे. आपल्या पेशीतल्या निरोपांना पुढच्या टोकाला टोपी असते, ती बघून रायबोसोम वाचायला लागतो. या धाग्याला टोपी नाही, त्याऐवजी आरएनएचीच एक घडी आहे आणि रायबोसोम तिच्यावर सरळ येऊन बसतो. त्याच टोकाला मिर-१२२ नावाचे आपल्या लिव्हरचे दोन बारीक आरएनए येऊन चिकटतात. पेशीतली आरएनए कुरतडणारी एन्झाइम्स टोपी नसलेला धागा लगेच खाऊन टाकतात, या दोघांच्या आडोशाने तो वाचतो. मिर-१२२ लिव्हरच्या पेशीत भरपूर आणि इतरत्र जवळजवळ नाही, म्हणून हा व्हायरस लिव्हरचाच होऊन राहतो. त्याचे मोठे कारण हे.

आता वाचून काय निघतं? दहा वेगळी प्रोटीन्स नाहीत. निघते एकच सलग माळ, साधारण ३,००० अमिनो आम्लांची. जांभळी नाक्यावर फुलवाली लांबच लांब गजरा ओवत बसते आणि गिऱ्हाईक आलं की हातभर, वीतभर कापून देते, तसंच हे. माळेतला क्रम असा: कोअर, ई१, ई२, पी७, एनएस२, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५ए, एनएस५बी. दहा तुकडे हवेत तर नऊ ठिकाणी कापावं लागणार. त्यातले पुढचे चार काप आपल्याच पेशीच्या सिग्नल पेप्टिडेज नावाच्या एन्झाइमकडून करून घेतले जातात. मधला एक एनएस२ करतो, स्वतःला एनएस३पासून सोडवण्यासाठी. उरलेले चार एनएस३ आणि एनएस४ए ही जोडी करते. म्हणजे कात्रीसुद्धा गजऱ्यातच ओवलेली आहे. परीक्षेत आकृती काढशील तेव्हा नावांआधी हे नऊ काप दाखव. कोण कुठे कापतं ते कळलं की निम्मा व्हायरस कळला. शिवाय 'प्रिव्हिर' शेवट असलेली औषधं याच कात्रीत अडकतात, हेही आपोआप लक्षात राहतं.

माळ विणली जाते ती पेशीतल्या एंडोप्लाझमिक रेटिक्युलमवर, म्हणजे केंद्रकाभोवती घड्यांघड्यांनी पसरलेल्या पडद्यांच्या जाळ्यावर. आणि तुकडे झाल्यावरही ही प्रोटीन्स पेशीभर मोकळी फिरत नाहीत. जवळपास प्रत्येकाचा एक तरी पाय पडद्यात रुतलेला असतो. एनएस३ला स्वतःचा पाय नाही, तर अवघ्या ५४ अमिनो आम्लांचा एनएस४ए त्याला धरून पडद्याशी बांधून ठेवतो. एनएस५बीची शेपटी पडद्यात असते, एनएस५ए एका आडव्या सर्पिलावर पडद्याच्या अंगाला पडून असतो. पुस्तकातली यादी प्रत्येक प्रोटीनचं एकेक काम सांगते. ती कुठे बसून ते करतात हे सांगत नाही, आणि माझ्या मते 'वागतात कशी' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

एनएस३ची कात्री आपल्या गजऱ्यापुरती थांबत नाही. पेशीत रिग-आय नावाचा एक पहारेकरी असतो, परका आरएनए दिसला की तो मॅव्ह्स या प्रोटीनला कळवतो. मॅव्ह्स मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेलं असतं आणि तिथून इंटरफेरॉन, म्हणजे पेशींना व्हायरसविरुद्ध सावध करणारं प्रोटीन, बनवण्याचा हुकूम सुटतो. घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमध्ये वॉचमनने चोर पाहिला, धावत जाऊन इंटरकॉम उचलला, आणि लाइनच कापलेली निघाली, अशी अवस्था एनएस३-४ए करतो. मॅव्ह्सच्या ५०८व्या जागेवरच्या सिस्टीनपाशी तो काप घेतो, मॅव्ह्स पडद्यावरून सुटून पडतं आणि हुकूम निघतच नाही. ट्रिफ नावाच्या दुसऱ्या निरोप्यालाही तो असाच कापतो. शंभरातले साधारण ७० ते ८० जण हा व्हायरस स्वतःहून घालवू शकत नाहीत, त्यामागे जी कारणं आहेत त्यात हे एक पहिल्या रांगेतलं.

प्रयोगशाळेतही हे उलट बाजूने दिसलं. हा व्हायरस सापडला १९८९मध्ये, मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, पण तो बशीत वाढवायला पुढे सोळा वर्षं गेली. १९९९मध्ये जर्मनीत लोमान आणि बार्टेनश्लागर यांनी त्याच्या आरएनएचा स्वतःच्या नकला काढणारा तुकडा पेशींत टिकवला, आणि २००५मध्ये ताकाजी वाकिता यांच्या जेएफएच-१ या वाणामुळे पूर्ण व्हायरस बशीत वाढू लागला. या सगळ्यांत वापरल्या गेल्या त्या हू-७ पेशी, १९८२मध्ये एका ५७ वर्षांच्या जपानी रुग्णाच्या लिव्हरच्या गाठीतून घेतलेल्या. आणि व्हायरस सगळ्यात जोमाने वाढतो तो त्यांच्यातल्या हू-७.५ या उपशाखेत. का? त्या पेशींत रिग-आयच नादुरुस्त आहे. वॉचमनच आंधळा असेल तर इंटरकॉमची लाइन कापायचे कष्टही नकोत.

आता एनएस५एकडे येतो. माझी दोन वर्षं याच्यात गेली.

हे प्रोटीन एन्झाइम नाही. काही कापत नाही, जोडत नाही, नकला काढत नाही. तरी ते काढून घेतलं तर सगळं ठप्प. सुरुवातीला आम्हा शिकणाऱ्यांना हे पचायचं नाही, कारण पुस्तकी शिक्षणाने प्रोटीन म्हटलं की 'याची क्रिया कोणती' हाच प्रश्न डोक्यात येतो. एनएस५एचं काम माणसं जमवण्याचं. लग्नघरात एखादा मामा असतो, तो स्वतः ना स्वयंपाक करतो ना मांडव घालतो, पण आचारी, भटजी, मांडववाला या सगळ्यांना वेळेवर जागच्या जागी त्यानेच आणलेलं असतं, तसा. पेशीतल्या पीआय४-कायनेज अल्फा या एन्झाइमला तो ओढून आणतो. त्यामुळे तिथल्या पडद्यात पीआय४पी नावाची एक विशिष्ट चरबी साचते आणि पडदा वळायला, फुगे धरायला तयार होतो. सायक्लोफिलिन ए हे आणखी एक आपलंच प्रोटीन तो धरून ठेवतो. एनएस४बी पडद्याला वाकवतो, एनएस५ए त्याला साथ देतो आणि दुहेरी भिंतीचे बारीक फुगे तयार होतात, सरासरी १५० नॅनोमीटरच्या आसपास. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लागण झालेल्या पेशीचं चित्र पाहिलं की केंद्रकाशेजारी साबणाच्या फेसासारखा पट्टा दिसतो. त्याला 'मेम्ब्रेनस वेब' म्हणतात. आरएनएच्या नकला निघतात त्या या फेसाच्या आडोशाला, पहारेकऱ्यांच्या नजरेआड.

एनएस५एवर फॉस्फेटच्या गाठी कमी-जास्त लागतात, म्हणून प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याच्या दोन पट्ट्या दिसतात, पी५६ आणि पी५८. मी या दोन पट्ट्या इतक्या वेळा पाहिल्यात की डोळे मिटले तरी दिसतात. कमी गाठींचं रूप आणि जास्त गाठींचं रूप यांच्या प्रमाणावर ठरतं की आता नकला काढायच्या की तयार आरएनए पुढे पॅकिंगला, म्हणजे व्हायरसचे नवे कण बांधायला, पाठवायचा. एकच प्रोटीन, पण अंगावर किती फॉस्फेट आहेत त्यावर कुणाचा हात धरायचा ते बदलतं. आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते: पेशीत जेवढी ही एनएस प्रोटीन्स बनतात, त्यातली अगदी थोडी, शंभरात पाचाहूनही कमी, प्रत्यक्ष नकला काढण्यात गुंतलेली असतात. उरलेल्यांचा मोठा भाग पडद्यांना आकार देण्यात, पेशीच्या प्रोटीन्सना धरण्यात किंवा पॅकिंगमध्ये जातो.

डॅक्लाटासविर हे औषध एनएस५एवरच बसतं. त्याचा शोधही गमतीदार वाटेने लागला. एनएस५एला क्रियाच नाही तर तिला रोखणारं रसायन शोधणार कसं? म्हणून हजारो रसायनं थेट व्हायरसचा आरएनए असलेल्या पेशींवर टाकून पाहिली, जे चाललं त्याला दाद न देणारे व्हायरस वाढवले, आणि त्यांच्यातले बदल कुठे आहेत ते तपासलं. बोट एनएस५एकडे गेलं. हे काम २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. काही पिकोमोलर एवढ्या क्षुल्लक मात्रेत ते व्हायरस रोखतं. ते आल्यावर नवे फुगे होत नाहीत आणि पॅकिंगही अडतं, दोन्ही एकदम. म्हणूनच पहिल्या गोळीनंतर काही तासांतच रक्तातला व्हायरस कोसळतो. त्या घसरणीवरून काढलेल्या हिशोबात रक्तातल्या व्हायरसचं अर्धायुष्य सुमारे ४५ मिनिटं निघालं. आधी ते तीन तासांच्या आसपास धरायचे. बाबांच्या रक्तात जो व्हायरस वर्षानुवर्षं दिसत होता तो तासातासाला नवा भरला जात होता, हे या आकड्यातून मला जितकं नीट कळलं तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकातून कळलं नाही.

एनएस५बी नकलाकार. आधी धाग्याची उलटी प्रत काढतो, मग त्या उलटीवरून सुलट्या प्रती. त्याला लिहिलेलं तपासायची सवय नाही, दर दहा हजार ते लाख अक्षरांमागे एखादी चूक होतेच. धागा ९,६०० अक्षरांचा, आणि एका रुग्णात दिवसाला तयार होणारे कण लाख कोटीच्या घरात. म्हणजे धाग्यात एका अक्षराचा जो जो बदल होणं शक्य आहे, तो रोज होत असतो. या व्हायरसवर लस अजून नाही त्यामागे, आणि एकच गोळी देऊन भागत नाही त्यामागे, हा हिशोब आहे. जीनोटाइप ३मध्ये एनएस५एच्या ९३व्या जागेवर टायरोसिनऐवजी हिस्टिडिन आलं की डॅक्लाटासविर तिथे नीट बसत नाही. म्हणून जोडीला सोफोसबुविर. ते लिव्हरच्या पेशीत गेल्यावर नकलाकाराच्या नेहमीच्या अक्षरासारखं रूप घेतं. एनएस५बी ते उचलून धाग्याला जोडतो आणि पुढचं अक्षर जोडायला जागाच उरत नाही. त्याच्याविरुद्धचा बदल व्हायरसला करता येतो, २८२व्या जागेवर, पण तो केलेला व्हायरस इतका लंगडा होतो की टिकत नाही. "सर, एक गोळी विसरली तर?" असं ओपीडीत विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हे दोन आकडे असतात, ९३ आणि २८२. दोघांचा पहारा एकाच वेळी हवा.

आता चरबीवाली बाजू. जीनोटाइप ३मध्ये ती मोठी आहे आणि आपल्या देशात हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

माळेच्या तोंडाशी असलेलं कोअर प्रोटीन १९१ अमिनो आम्लांचं. मागची शेपटी कापली गेली की साधारण १७७चं उरतं आणि पडद्यावरून सरकत चरबीच्या थेंबांवर जाऊन बसतं. मिसळीच्या कटावर तेलाचे गोल तरंगतात ना, पेशीत तसे चरबीचे थेंब असतात. चरबी साठवणाऱ्या डीजीएटी१ या एन्झाइमचा हात धरूनच कोअर तिथे पोचतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं ती रात्र आठवते. लागण झालेल्या पेशींत थेंब एका रंगात, कोअर दुसऱ्या रंगात रंगवलं होतं. मायक्रोस्कोपचा फोकस फिरवत गेलो आणि एका क्षणी प्रत्येक थेंबाभोवती एकेक बांगडी चमकली. शेजारच्या, लागण न झालेल्या पेशीत थेंब तसेच होते, बांगडी एकाही थेंबाला नव्हती. मामाची भेट इथेही होते: एनएस५ए आपल्या तिसऱ्या भागाने कोअरला धरतो आणि नुकताच काढलेला आरएनए त्याच्या हवाली करतो. कण बांधायला सुरुवात होते ती इथून, पडदा आणि चरबीचा थेंब जिथे अंगाला अंग लावून असतात तिथे.

पुढचं आटोपतो. ई१ आणि ई२ ही बाहेरच्या आवरणाची जोडी, तिच्यावर साखरेचे झुबके, आणि ई२चा एक कोपरा इतक्या वेगाने बदलतो की आजची अँटीबॉडी उद्याच्या व्हायरसला ओळखत नाही. पी७ हे ६३ अमिनो आम्लांचं, पडद्यात भोक पाडून आयन सोडतं. एनएस२ची कात्री एकदाच चालते, त्यानंतर तो बांधणीच्या ठिकाणी सगळ्यांना एकत्र धरतो. तयार कण पेशीच्या चरबी बाहेर पाठवायच्या वाटेवरूनच निघतो, अंगाला अपोलायपोप्रोटीन ई लावून.

हीच प्रोटीन्स वहीतून उठून माणसात कशी दिसतात ते सांगतो. जीनोटाइप ३च्या रुग्णाची बायोप्सी काचेवर पाहिली तर गुलाबी पेशींत पांढरी शुभ्र गोल भोकं दिसतात. ती भोकं नव्हेत. काच तयार करताना चरबी विरघळून गेली, तिची जागा रिकामी दिसते. केंद्रक बिचारं कडेला रेटलेलं. रुग्ण सडपातळ असतो, साखर नसते, दारूला शिवलेला नसतो, तरी लिव्हर चरबीने भरलेली. घरचे म्हणतात, "डॉक्टर, यांना तेलकट बंद करू का?" मी सांगतो, ही चरबी वड्यांची नाही, व्हायरसची आहे. जीनोटाइप ३मध्ये व्हायरल लोड जास्त तशी चरबी जास्त, आणि व्हायरस गेला की ती ओसरते. हे मी सोनोग्राफीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पेशी मरतात मात्र बहुतांश व्हायरसच्या हाताने नाहीत. ही प्रोटीन्स पेशीला जगवून ठेवतात, कारण त्यांना रोज काम करायचं असतं. मारतात त्या आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी, लागण झालेली पेशी ओळखून. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम, वाढतो तो या मारामारीत. व्हायरस पुरता निघत नाही, मारामारी थांबत नाही, आणि दरवेळी पडझड झाली की लिव्हरमधल्याच स्टेलेट नावाच्या पेशी डागडुजीला चिवट तंतू भरत जातात. तीस वर्षं अशी डागडुजी झाली की फायब्रोस्कॅनवर १०.८ दिसतो.

इंटरफेरॉनच्या जमान्यातला एक रुग्ण विसरता येत नाही. ऐरोलीचा, कंपनीत फिटर. ४८ आठवडे दर शुक्रवारी इंजेक्शन, म्हणजे शनिवार-रविवार तापात जाईल आणि सोमवारी कामावर उभं राहता येईल. केस गेले, वजन ११ किलो उतरलं, आणि सहा महिन्यांनी व्हायरस परत. इंटरफेरॉन बाहेरून देण्यात अर्थ होता, इंटरकॉम तुटलेला असताना गच्चीवरून हाक मारण्यासारखं, पण पेशीत हाक ऐकली जाण्यातही हा व्हायरस अडथळे आणतो. २०१५मध्ये सोफोसबुविरच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या आल्या तेव्हा मी त्याला फोन करून बोलावून घेतलं. तो बरा झाला. पण मधल्या वर्षांत लिव्हर सिऱ्होसिसकडे, म्हणजे तंतूंनी भरून कडक होण्याकडे, गेली होती. प्रोटीन्सचं काम थांबवता आलं, भरलेले तंतू काढता आले नाहीत.

म्हणजे गेल्यावर काय उरतं, तर हे. व्हायरसचा आरएनए नाही, त्याची प्रोटीन्स नाहीत, पडद्यांचा फेस नाही. उरतात ते तंतू, जे हळूहळू काही प्रमाणात विरळ होतात. आणि काही जनुकांभोवतीच्या रासायनिक खुणा, ज्या बऱ्या झालेल्या लिव्हरमध्येही राहिल्याचं दिसलंय आणि ज्यांचा कॅन्सरच्या धोक्याशी संबंध असू शकतो. म्हणून बाबांच्या १०.८ला मी 'आता काही करायला नको' म्हणणार नाही. सिऱ्होसिस नसला तरी त्याच्या अलीकडची पायरी आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि दारू अजिबात नाही. काही ठिकाणी सिऱ्होसिस असेल तरच सहामाही सोनोग्राफी सांगतात. मी एवढ्या फायब्रोस्कॅनलाही सांगतो, कारण लहान गाठ वेळेत सापडली तर काढता येते.

अँटीबॉडीचं: ती व्हायरसचं काहीच नाही. ती आपल्या शरीराची आठवण आहे, बहुतेकांत वर्षानुवर्षं, कित्येकांत जन्मभर राहते. ती पॉझिटिव्ह असण्याचा अर्थ 'कधीतरी गाठ पडली होती' एवढाच. ती पुन्हा पुन्हा करून घेण्यात पैसे जातात आणि घरची झोप जाते. शंका आलीच तर कागदावर 'एचसीव्ही आरएनए' असं लिहून घ्या. एक मात्र खरं, ती अँटीबॉडी संरक्षण देत नाही. पुन्हा दूषित सुई किंवा वस्तरा लागला तर लागण पुन्हा होऊ शकते. टाळी वाजवून, एका ताटात जेवून, कडेवर नातू घेऊन होत नाही.

आईला एक सांग. त्या भुईआवळ्याचा काढा देत होत्या असं तू लिहिलंस. प्रेमाने दिला, पण यातल्या एकाही प्रोटीनचं काम काढ्याने थांबल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि तो घ्यायचा म्हणून गोळ्या लांबवणारे रुग्ण मात्र पाहिलेत. आणि नात्यात कुणाला १९९०च्या दशकात रक्त चढलं असेल तर त्यांची एकदा अँटीबॉडी करून घ्या. तेव्हा रक्ताच्या बाटलीची या व्हायरससाठी सगळीकडे तपासणी होत नव्हती. निघालाच तर २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

आणि मोतीबिंदू. बाबांचं ऑपरेशन अजून अडलंय, कारण डोळ्यांच्या दवाखान्यात अँटीबॉडीचा जुना कागद बघून 'आधी लिव्हरवाल्यांना विचारा' म्हणाले. विचारून झालं. आरएनए न सापडल्याचा रिपोर्ट आणि माझी चिठ्ठी गुरुवारी वाशीच्या ओपीडीत येऊन घेऊन जा, पुढच्या आठवड्याची तारीख मागा.